सोल्डर पेस्ट: घेण्यापासून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून बोर्डपर्यंत, क्रमाने

बोर्डभर बारीक गोळ्या उडाल्या, पेस्ट वितळली पण पॅडला (पार्ट जिथे जोडायचा त्या बोर्डवरच्या तांब्याच्या जागेला) धरलीच नाही, स्टेन्सिल (पेस्ट लावायचा भोकांचा पातळ पत्रा) उचलली आणि सगळं पसरलं, असं काही झालं की आपण आधी हॉट एअरचं टेंपरेचर बघतो, मग प्रोफाइल, म्हणजे किती वेळात किती तापवायचं ते, बघतो, मग आपल्याला जमतच नाही असं म्हणून गप्प बसतो. पेस्टकडे कोणी बघत नाही. मी स्वतः कित्येक महिने प्रोफाइल बदलत बसलो होतो आणि चूक होती ती फ्रिजमधून काढल्या काढल्या झाकण उघडण्यात. म्हणून इथे फक्त पेस्ट घेणं, ठेवणं आणि बाहेर काढणं एवढंच लिहितोय, आणि ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहितोय, कारण यातल्या दोन-तीन चुका अशा आहेत की एकदा झाल्या की मागे फिरता येत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. पेस्ट म्हणजे सोल्डरचे सूक्ष्म गोल कण आणि फ्लक्स, म्हणजे धातूवरचं ऑक्साइड काढणारं रसायन, यांचं मिश्रण. वजनाने साधारण ८८ ते ९० टक्के धातू असतो, पण जागा बघितली तर जवळपास अर्धा धातू आणि अर्धा फ्लक्स. हा फ्लक्स डबीत बंद असतानाही त्या कणांवर हळूहळू काम करतच असतो, म्हणजे तुम्ही हात लावला नाहीत तरी पेस्ट म्हातारी होत असते. थंडीत हे काम मंदावतं, उष्णतेत जोरात चालतं. बास, फ्रिजचं कारण एवढंच.

१. आधी बोर्ड बघा, मग पेस्ट शोधा

बहुतेक जण उलटं करतात, पेस्ट घेऊन ठेवतात आणि बोर्ड दोन-चार महिन्यांनी येतो. कागद घ्या आणि चार गोष्टी लिहून काढा: सगळ्यात बारीक पिचचा (पायांमधल्या अंतराचा) पार्ट कोणता, कुठला पार्ट उष्णतेला नाजूक आहे, पेस्ट स्टेन्सिलने लावणार की सुईने थेंब थेंब, आणि बोर्ड हातात कधी येणार. चौथं उत्तर येईपर्यंत ऑर्डर करू नका.

२. अलॉय ठरवा

अलॉय म्हणजे सोल्डरमधलं धातूंचं मिश्रण. हॉबीच्या कामात तीनच अलॉय खरे समोर येतात.

एसएन६३पीबी३७, म्हणजे ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं. हा १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो, मधली लगद्यासारखी अवस्था नाही. शिकणाऱ्याला सगळ्यात सांभाळून घेणारा हाच, शिशाची काळजी घ्यायची तयारी असेल तर.

सॅक३०५, यात कथिल ९६.५, चांदी ३ आणि तांबं ०.५ टक्के. वितळतो २१७ ते २२० अंशांच्या मधे, म्हणजे बोर्डवर प्रत्यक्षात २३५ ते २४५ पर्यंत जावं लागतं. तुमची हॉटप्लेट किंवा ओव्हन तिथपर्यंत नीट पोचत नसेल तर हा घेऊन नुसता मनस्ताप होतो, अर्धवट वितळलेले जॉइंट मिळतात आणि प्लास्टिकचे कनेक्टर वाकतात.

एसएन४२बीआय५८, कथिल आणि बिस्मथ, १३८ अंशांना वितळतो. छोट्या हॉटप्लेटवर मस्त चालतो, शिसं नाही, नाजूक पार्ट वाचतात, पण जॉइंट ठिसूळ असतो. जिथे सारखं केबल खुपसायची आणि काढायची तो कनेक्टर, किंवा बोर्ड खाली पडायची शक्यता, किंवा जो पार्ट चालताना खूप तापतो, तिथे हा नको.

सावधान: बिस्मथवाली पेस्ट आणि शिसं एकत्र येऊ देऊ नका. बोर्डच्या पॅडवर शिशाचं कोटिंग असेल, किंवा आधी शिशाच्या तारेने सोल्डर केलेल्या जागी तुम्ही बिस्मथची पेस्ट लावली, तर तिन्ही धातूंचं असं मिश्रण तयार होऊ शकतं जे साधारण ९६ अंशांनाच वितळतं. जॉइंट दिसायला छान दिसतो आणि नंतर गरम झाल्यावर सुटतो.

बनवलेली वस्तू विकायची असेल तर शिशाचा विचार सोडा, अनेक देशांत ते चालत नाही.

३. कणांचा आकार, म्हणजे टाइप

लेबलवर टी३, टी४, टी५ असं लिहिलेलं असतं. टी३ मधे कण २५ ते ४५ मायक्रॉन, टी४ मधे २० ते ३८, टी५ मधे १५ ते २५. हिशोब सोपा आहे, स्टेन्सिलच्या सगळ्यात अरुंद भोकात सगळ्यात मोठे कण ओळीने किमान ५ बसले पाहिजेत. टी३ ला म्हणजे २२५ मायक्रॉन, टी४ ला १९०, टी५ ला १२५. ०.५ मिलिमीटर पिचच्या आयसीला भोक साधारण २५० मायक्रॉनचं असतं, तिथे टी३ काठावर पास होते आणि टी४ निवांत.

मग सरळ सगळ्यात बारीकच का नाही घ्यायची? हाच प्रश्न सगळे विचारतात आणि इथेच पैसे वाया जातात. कण जितके बारीक तितका तेवढ्याच वजनात एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणजे ऑक्साइड जास्त, म्हणजे पेस्ट लवकर खराब आणि गोळ्या उडायची शक्यताही जास्त. ०८०५, ०६०३ अशा मापाचे छोटे पार्ट आणि साध्या आयसींसाठी टी५ घेण्यात काही अर्थ नाही. पिच ०.४ मिलिमीटर किंवा त्याखाली असेल तरच त्याचा विचार करा, बाकी सगळ्याला टी४ पुरते.

सुईने लावणार असाल तर सुईचा गेजही (आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) आत्ताच ठरवा. सुईचं आतलं भोक सगळ्यात मोठ्या कणाच्या किमान सात-आठ पट हवं. टी३ ला २२ गेज, टी४ ला २२ किंवा २३, टी५ ला २५ गेज. टी३ ला २५ गेजची सुई लावून जोर काढला की फ्लक्स बाहेर येतो आणि धातू आत अडकून बसतो, मग सिरिंजमधे मागे जे उरतं ते कोरडं होत जातं. स्टीलच्या सरळ सुईपेक्षा निमुळती प्लास्टिकची टिप कधीही बरी.

४. फ्लक्स

इथे फार विचार करू नका, घरी नो-क्लीन, म्हणजे नंतर धुवावी न लागणारी, घ्या. पाण्याने धुवायची जी पेस्ट असते ती सोल्डर छान करते पण तिचं उरलेलं फ्लक्स गंज आणतं, ते काही तासांत नीट धुवावंच लागतं, आणि हवेतला ओलावा ती पटकन ओढते. महिन्यातून एकदा काम करणाऱ्याला ती सांभाळणं कठीण आहे.

नो-क्लीनबद्दल मात्र एक गैरसमज आहे. उरलेलं फ्लक्स तसंच राहिलं तरी चालतं, हे खरं, पण ते पूर्ण तापलेलं असेल तरच. हॉट एअरने एका कोपऱ्यात काम केलं आणि बाजूची पेस्ट अर्धवट तापली, तर तिथलं फ्लक्स अजून जागं असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा.

५. डबी की सिरिंज आणि किती ग्रॅम

आधी आकडा बघू. ०८०५ चा एक पॅड साधारण १ बाय १.२ मिलिमीटर धरा आणि स्टेन्सिल ०.१२ मिलिमीटर जाडीची, तर एका पॅडवर ०.१४ घन मिलिमीटर पेस्ट बसते, वजन झालं जेमतेम ०.६ मिलिग्रॅम. २०० पॅडचा बोर्ड म्हणजे ग्रॅमचा आठवा भाग. आता ५०० ग्रॅमची डबी स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांनी हा आकडा परत एकदा वाचावा. स्टेन्सिलवर ओढायला मात्र पट्टीपुढे पेस्टचा जाडसर रोल लागतो त्यामुळे बोर्डवर जाते त्याच्या कित्येक पट पेस्ट बाहेर काढावी लागते, हे धरूनही ५० ग्रॅमच्या वर जायची वेळ हॉबीवाल्याला क्वचितच येते. सुईने काम करणार असाल तर १० ते १५ ग्रॅमची सिरिंज खूप झाली.

डबीतली आणि सिरिंजमधली पेस्ट एकच नसते हेही लक्षात घ्या. सुईतून काढायच्या पेस्टमधे धातू थोडा कमी असतो म्हणून ती सरकते. स्टेन्सिलची दाट पेस्ट रिकाम्या सिरिंजमधे भरून बारीक सुईतून काढायला गेलात तर हात दुखेल आणि टिप तुंबेल.

६. ऑर्डर करताना

सगळ्यात पहिली चूक, आणि ही फार कॉमन आहे: सोल्डरिंग पेस्ट नावाने जी मलमासारखी पिवळट डबी मिळते ते नुसतं फ्लक्स आहे, त्यात धातूच नाही. सोल्डर पेस्ट राखाडी असते आणि हातात घेतली की आकाराच्या मानाने जड लागते. विकणाऱ्याने वर्णनात अलॉय लिहिला नसेल तर ते फ्लक्स समजा. नळजोडणीसाठीचं ऍसिडवालं फ्लक्स तर बोर्डजवळही आणू नका, ट्रॅक खाऊन टाकतं.

लेबलवर हे सगळं असलं पाहिजे: अलॉय, टाइप, फ्लक्सचा प्रकार, धातूची टक्केवारी, लॉट नंबर, बनवल्याची तारीख, एक्सपायरी आणि किती तापमानाला ठेवायची. फोटोत लेबल वाचता येत नसेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि तारीख सांगायला टाळाटाळ झाली तर तिथून घेऊ नका. फ्रिजमधे ठेवायच्या पेस्टचं आयुष्य बहुतेक वेळा बनवल्यापासून ६ महिने असतं, काहींचं १२. एक्सपायरी अजून एक महिना पुढे आहे म्हणून खूश होऊ नका, तुम्हाला ती पुढचे पाच महिने वापरायची आहे ना?

वितळण्याचा आकडा आणि अलॉय जुळतो का तेही बघा. डबीवर १८३ अंश लिहिलंय आणि वर्णनात शिसं नाही म्हणतायत, तर दोन्हीतलं एक खोटं आहे.

पार्सल गरम गोडाऊनमधे पडून राहणं हा मोठा धोका आहे. आठवड्याच्या सुरुवातीला ऑर्डर करा म्हणजे सुट्टीत ते कुठेतरी अडकणार नाही, उन्हाळ्यात शक्यतो मागवू नका किंवा कोल्ड पॅकसकट पाठवणारा बघा. घरी फ्रिजची सोय नसेल तर थर्मली स्टेबल म्हणून विकली जाणारी पेस्ट घ्या, उदाहरणार्थ चिपक्विक कंपनीची टीएस३९१, जी फ्रिजशिवाय ठेवता येते. थोडी महाग पडली तरी कधीतरीच काम करणाऱ्याला माझा सल्ला हाच राहील, कारण पुढचे निम्मे त्रास त्यातच वाचतात.

७. पार्सल आल्या दिवशी

लगेच उघडा, म्हणजे खोका उघडा, डबीचं सील नाही. लेबल ऑर्डरशी जुळवा. सील धड आहे का, सिरिंजचं टोक बंद आहे का, कडेने पिवळट द्रव गळलाय का ते बघा. मग मार्करने डबीवर दोन तारखा टाका, मिळाल्याची आणि एक्सपायरीची, आणि तिसऱ्या तारखेला जागा सोडा, ती पहिल्यांदा उघडल्याची. हे काम कंटाळवाणं वाटतं पण आठ महिन्यांनी हातात डबी घेऊन आठवत बसण्यापेक्षा बरं.

८. फ्रिजमधे ठेवणं

तापमान २ ते १० अंश. फ्रीजर नाही. थंड चांगलं म्हणजे बर्फ अजून चांगला असं होत नाही, गोठल्यावर फ्लक्समधले घटक वेगळे होतात आणि वितळल्यावर पहिल्यासारखे मिसळत नाहीत. दारातला कप्पा पण नको, दर वेळी दार उघडलं की तिथलं तापमान वरखाली होतं. मागच्या भिंतीला चिकटवूनही नको, तिथे गोठू शकते. मधल्या फळीवर, आणि शेजारी एक साधा थर्मामीटर ठेवून दोन दिवस बघा, डायलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

सावधान: खाण्याच्या फ्रिजमधे शिसं असलेली पेस्ट ठेवू नका. कामासाठी वेगळा छोटा फ्रिज असणं हाच खरा उपाय आहे. तो नसेल तर मी शिशाची फ्रिजवाली पेस्ट घेऊच नका म्हणेन, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. त्यापेक्षा थर्मली स्टेबल पेस्ट घ्या आणि कुलपाच्या कपाटात ठेवा.

डबी झाकण वर करून सरळ उभी ठेवा. सिरिंज उभी, टोक खाली. आडवी पडली की फ्लक्स एका बाजूला जमतो, आणि टोक वर राहिलं तर हवा आणि सुटलेला फ्लक्स नेमका टोकाशी येतो, मग पहिले पाच-सहा थेंब नुसता फ्लक्स आणि पुढचे नुसते कोरडे. एका पेल्यात उभ्या करून ठेवल्या तरी काम होतं. सगळं हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी.

९. बाहेर काढणं: इथे घाई केली की बाकी सगळं फुकट

थंड डबी खोलीत आणली की तिच्यावर दव जमतं, बाहेरून जमलं तर पुसता येतं, पण झाकण उघडलं असेल तर तेच पाणी पेस्टवर बसतं आणि ते पुसता येत नाही. ते दिसतही नाही. नंतर बोर्ड तापला की ते पाणी उकळतं, पेस्ट फुटते आणि सगळीकडे बारीक गोळ्या. आपण म्हणतो तापमान जास्त झालं. झालेलं नसतं.

तर क्रम असा. बंद डबी पिशवीसकट बाहेर काढा आणि टेबलवर नुसती ठेवा. १० ग्रॅमची सिरिंज असेल तर मी एक तास देतो, ५० ग्रॅमच्या डबीला दोन तास, मोठ्या ५०० ग्रॅमच्या डबीला चार तास तरी. डबी बाहेरून खोलीइतकी लागते तेव्हा आत मधोमध ती अजून थंडच असते, त्यामुळे हात लावून अंदाज घेऊन उघडू नका, घड्याळ बघा. मी आता सकाळी उठल्यावर काढून ठेवतो आणि तोपर्यंत पार्ट लावायची यादी, बोर्ड पुसणं, स्टेन्सिल चिकटवणं ही कामं उरकतो.

गरम पाण्यात धरणं, हॉट एअरची झुळूक, उन्हात ठेवणं, लॅपटॉपच्या चार्जरवर ठेवणं, यातलं काहीही नको. कडेचा फ्लक्स पातळ होऊन वेगळा होतो आणि मधला भाग थंडच राहतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

थांबा आणि तपासा: पिशवी काढल्यावर डबी बाहेरून पूर्ण कोरडी आहे? ठरलेला वेळ झाला? दोन्ही हो असेल तरच सील काढा आणि तिसरी तारीख टाका.

मग हातमोजे घाला आणि डबीतली पेस्ट प्लास्टिकच्या पट्टीने एकाच दिशेने, सावकाश, एक-दोन मिनिटं ढवळा. वर पातळसा पिवळट थर दिसला तर घाबरू नका, थोडा असेल तर मिसळून जातो. फेटू नका, हवा आत जाते. धातूचा चमचा नको, डबीची कड खरवडली जाते. पट्टी उचलली की पेस्ट क्षणभर धरून राहून सलग, गुळगुळीत घसरली पाहिजे. ढेकळं पडत असतील किंवा वाळू लागल्यासारखी करकर लागत असेल तर पुढच्या पायरीवर तिचा निकाल लागेल. सिरिंज ढवळता येत नाही, तिचे पहिले दोन थेंब कागदावर टाकून फेका.

१०. बोर्डच्या आधी एक थेंब

ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि जवळपास कोणीच करत नाही. एखाद्या रद्दी बोर्डवर जिथे तांबं उघडं नाही, नुसता हिरवा मास्क (बोर्डवरचा रंगाचा थर) आहे, तिथे दोन-तीन मिलिमीटरचा थेंब ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या पद्धतीने तापवा. पेस्ट चांगली असेल तर सगळा धातू गोळा होऊन एकच चकचकीत गोळी होते आणि भोवती स्वच्छ फ्लक्स. मोठ्या गोळीला एक-दोन पिल्लं असली तरी चालतं. पण भोवती राखाडी धुरळ्यासारखं कडं उरलं, किंवा एक गोळी न होता रवाळ ढेकूळच राहिलं, तर कणांवर इतकं ऑक्साइड चढलंय की फ्लक्सला ते झेपत नाहीये. तडतड आवाज करून उडाली तर ओलावा.

एक्सपायरी उलटलेली पेस्ट चालेल का, याचं उत्तर पण हीच चाचणी देते. तारीख उलटून दोन महिने झाले आणि गोळी स्वच्छ आली तर स्वतःच्या साध्या बोर्डला मी ती वापरतो. बारीक पिचला नाही.

वाळलेल्या पेस्टमधे अल्कोहोल टाकून ती पातळ करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, ऐकू नका. पेस्ट मऊ झाल्यासारखी वाटते, पण फ्लक्सचा तोल बिघडतो आणि तापवताना ती उकळते. जेल फ्लक्स घालून मऊ करता येते खरी, पण मग धातूचं प्रमाण कमी झालेलं असतं, त्यामुळे ती मोठ्या पॅडच्या रिपेअरपुरतीच.

११. काम संपल्यावर

स्टेन्सिलवर उरलेली पेस्ट परत डबीत टाकू नका. कितीही जास्त उरली असली, कितीही जिवावर आलं तरी नाही. ती तासभर हवा खाऊन बसलेली असते आणि तेवढी घातली की सगळी डबी तिच्यासोबत जाते. लवकरच दुसरा बोर्ड करायचा असेल तर वेगळ्या छोट्या डबीत काढा, वर "वापरलेली" असं लिहा आणि एक-दोन दिवसांत संपवा. म्हणूनच सुरुवातीलाच थोडी थोडी काढायची सवय लावा, आणि काढल्या काढल्या डबीचं झाकण लावा, बाजूला उघडी ठेवून काम करू नका.

परत बंद करताना डबीची कड आणि झाकणाची आतली बाजू पुसा, तिथे वाळलेले कण राहिले तर झाकण नीट बसत नाही आणि पुढच्या वेळी तेच आत पडतात. सिरिंजची सुई काढून टोकाला बूच लावा, सुई तशीच ठेवली तर आतली पेस्ट घट्ट होऊन ती सुई फेकायचीच वेळ येते.

डबी दिवसातून दोनदा फ्रिजमधे आणि बाहेर नाचवू नका. सकाळी काम झालं आणि संध्याकाळी परत लागणार असेल तर ती खोलीतच, बंद करून, उन्हापासून लांब राहू द्या.

१२. शिसं आणि कचरा

शिशाची पेस्ट तारेपेक्षा जास्त जपायची, कारण ती बोटांना चिकटते, नखात जाते आणि तिथून तोंडात. हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, टेबलवर खायचं-प्यायचं काही नको, आणि ज्या ओव्हनमधे बोर्ड भाजला तो परत स्वयंपाकाला कधीच नाही. पुसलेले कागद, हातमोजे, रिकाम्या सिरिंज, मेलेली पेस्ट हे सगळं एका झाकणाच्या बरणीत जमवा, वर "शिसं" लिहा आणि ई-कचरा किंवा धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. स्टेन्सिल पुसलेलं अल्कोहोल सिंकमधे ओतू नका, त्यात धातूचे कण असतात, ते फडक्यात टिपून घ्या, ते फडकं हवेशीर जागी, आगीपासून लांब पूर्ण वाळू द्या आणि मग त्याच बरणीत टाका.